तिकडची तूर

आमच्या मन्नाएखेळ्ळीत आफ्रिकेचं नाव निघतं ते आडतीवर. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव. इथून एक फाटा बीदरला जातो. येणारा-जाणारा चहाला थांबतो आणि सगळ्या बाजारांच्या बातम्या टाकून जातो. दसऱ्याच्या सुमारास कोणी म्हणालं, "आफ्रिकेचा माल लागलाय बंदराला," की आमच्या ह्यांचा चेहरा उतरतो. शेतकऱ्यांचा तर उतरतोच. आपली तूर अजून फुलात असते आणि भाव आधीच खाली आलेला असतो.

त्यामुळे मी मलावीला जाणार म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो असा, "म्हणजे तूरवाल्यांकडंच?" सासूबाईंनी विचारलं, "तिथं काय खाशील?" आणि शेजारच्या अक्का म्हणाल्या, "इतक्या लांब कशाला जायलाव? इथं काय लंगडी माणसं नाहीत का?"

तिन्ही प्रश्न बरोबर होते. मी निघाले होते कृत्रिम पाय बसवण्याच्या शिबिरासोबत. जयपूर फूट तुम्हाला ठाऊक असेल. 1968 च्या सुमारास जयपुरात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी मिळून तो रबरी पाय तयार केला. विलायती पायाला बूट लागतो. हा पाय अनवाणी चालतो, चिखलात चालतो, मांडी घालू देतो, उकिडवं बसू देतो. आपल्या माणसाचं सगळं आयुष्य जमिनीवर बसून, हे ओळखून केलेली वस्तू आहे ही. 1975 साली डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पाय फुकट मिळू लागला. पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत अशी शिबिरं झाली. 2018 साली, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानं, आपल्या सरकारच्या मदतीनं मलावीतही झालं. मी गेले ते जुलै 2024 मध्ये, दुसऱ्या एका छोट्या ट्रस्टबरोबर. तंत्रज्ञ सगळे पुरुष. बायकांची मापं घेताना जवळ एखादी बाई हवी, म्हणून मला नेलं.

आमच्या स्वाध्यायात यावर आधी बराच खल झाला. आहार, औषध, ज्ञान आणि अभय, अशी चार दानं. मग पाय कशात बसतो? एकजण म्हणाली औषधात. दुसरी म्हणाली, मुनींना पिंछी-कमंडलू देतो तसं हे उपकरण. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकू माळ ओढत बसल्या होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "ज्याला पळता येत नाही त्याला सगळ्याचंच भय असतं. हे अभयदान." चर्चा तिथंच संपली.

मलावीच्या दक्षिण भागात त्या वर्षी दुष्काळ होता. पाऊस ऐन वेळी गेला आणि मका उभा वाळला. मार्चमध्येच त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली होती. त्याच्या आदल्या वर्षी, 2023 च्या मार्चमध्ये, फ्रेडी नावाचं चक्रीवादळ येऊन गेलेलं. डोंगरच्या डोंगर चिखल होऊन घरांवर आले होते. म्हणजे एक वर्ष पाण्यानं नेलं आणि दुसरं उन्हानं.

शिबिर एका लहान गावच्या दवाखान्याच्या आवारात होतं. माणसं सायकलच्या कॅरियरवर बसून यायची. तिथं भाड्यानं सायकल चालवणारे असतात, त्याला कबाझा म्हणतात. कोणाचा पाय साखरेनं गेलेला, कोणाचा रस्त्यावर, कोणाची साधी जखम वेळेवर बघितली गेली नाही म्हणून. प्लास्टरचा साचा घ्यायचा, पाइप भट्टीत तापवून त्यावर चढवायचा, घासायचा, पट्टे लावायचे आणि दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, माणूस दोन दांड्यांच्या मधून पहिलं पाऊल टाकायचा. पहिल्या पावलाला सगळे टाळ्या वाजवतात. फोटोही तेव्हाच काढतात. मला मात्र तिसरं-चौथं पाऊल बघायला आवडायचं. पहिल्या पावलाला माणूस लोकांकडं बघतो, चौथ्याला स्वतःच्या पायाकडं.

एक बाई होती, चाळिशीची असेल. फ्रेडीच्या रात्री घराची भिंत पडली आणि गुडघ्याखाली पाय गेला. माप घेताना तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. पाय बसल्यावर तिनं तिथल्या दुभाषी नर्सकरवी सांगितलं, परवा माझ्या घरी जेवायला यायचं. मी नर्सला म्हटलं, दुष्काळात कशाला? ती म्हणाली, "नाही म्हणू नका. तिनं सांगून टाकलंय गावात."

त्या घरी जाताना मी वाटेत थांबले. मका कापून झालेल्या रानात पुरुषभर उंचीची झाडं उभी होती. बारीक पानं, शेंगा वाळायला लागलेल्या. मी शेंग तोडली, सोलली, दाणा दाताखाली धरला. तूर! आमच्याकडं त्या आठवड्यात पेरणी चालू होती आणि इथं काढणीला आलेली. मका वाळला, पण ही मुळं खोल घालून तगली होती. तिथं तिला नांदोलो म्हणतात. बांधावरून एक बाई डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन चालली होती. तिच्या कमरेचं रंगीत चितेंजे तेवढं बदललं असतं तर मी तिला आमच्या शिवारातलीच समजले असते.

आपल्याला वाटतं तूर आपली, ज्वारी आपली. तूर आपलीच आहे, इथून तिकडं गेली. पण ज्वारी मूळची आफ्रिकेतली आहे. बाजरीही आणि नाचणीही. काही हजार वर्षांपूर्वी हे दाणे समुद्र ओलांडून आले. आमच्या रस्त्यानं हैदराबादकडं जाताना पाटणचेरूला इक्रिसॅट लागतं, 1972 पासूनचं. तिथं ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांवर काम चालतं आणि त्यांची केंद्रं आफ्रिकेतही आहेत. त्या फाटकावरून मी बसमधून कितीदा गेले असेन. बीदरला हबशी कोट आहे, बहामनी काळातल्या हबशी सरदारांच्या कबरी आहेत तिथं. लहानपणी सहलीत बघितलेल्या. आफ्रिका आमच्या ताटात होती आणि टेकडीवरही होती. आडतीवर तिचं नाव फक्त भाव पडल्यावर निघायचं इतकंच.

घरी पोहोचल्यावर त्या बाईची सासू, माझ्या सासूबाईंच्या वयाची, हात धुवायला पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. तिथं पाहुण्याला असंच देतात. मला बसवेना. मीही खाली उतरून तिच्यासमोर बसले, तेव्हा ती हसली आणि नर्सला काहीतरी म्हणाली. नर्सनं ते मला सांगितलं नाही.

पहिल्यांदा आलं उकडलेलं रताळं आणि कसावा. मी हात जोडले. जमिनीखालचं आम्ही खात नाही हे समजावायला मला पाच मिनिटं लागली असती. नर्सनं एका वाक्यात उरकलं. मागाहून विचारलं तर म्हणाली, "सांगितलं, हिच्या चर्चमध्ये चालत नाही." त्यांना ते लगेच पटलं.

मग आलं न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि नांदोलो. अख्ख्या तुरी, सालासकट, मीठ आणि टोमॅटो घालून शिजवलेल्या. नर्सनं आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, मासे नकोत, कांदा नको. त्यासाठी शेजारून वेगळं मडकं आणलं होतं.

तो गोळा माझ्या हातात होता आणि मला माहीत होतं, या घरातला मका दोन महिन्यांपूर्वी संपलाय; हे पीठ कुठून तरी उसनं आलंय. दारात तीन मुलं उभी होती, बघत नव्हती असं दाखवत. आमचे महाराज आहाराला उठतात तेव्हा भ्रमरासारखं घ्यायचं म्हणतात, फुलाला न दुखवता. ते ऐकताना फार सुंदर वाटतं. त्या ओट्यावर मला कळेना की फूल कशानं दुखावेल, खाल्ल्यानं की न खाल्ल्यानं. मी दोन लहान गोळे खाल्ले, तुरी सगळ्या खाल्ल्या आणि तिसरा गोळा वाढताना ताटावर हात धरला. सासूनं तो आत न नेता मुलांच्या हातावर ठेवला. सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपलं होतं. त्या हिवाळ्यात तिथं साडेपाचलाच अंधारायला लागतं.

जेवणानंतर त्या बाईनं मला विचारलं, तुमच्या देशातली माणसं आमचे नांदोलो एवढे का खातात? मी सांगितलं, आम्ही साल काढून डाळ करतो, रोज, दोन वेळा. तिला खरं वाटेना. रोज? मग तिनं विचारलं, "मग भाव का देत नाहीत?" गावात व्यापारी येतो, त्याच्या काट्यावर मोजतो, सरकारनं ठरवलेल्या भावापेक्षा कमी देतो आणि पैशाची नड असते म्हणून बाया देऊन टाकतात. मी ऐकत राहिले. हे सगळं मला पाठ होतं. ज्या घरात मी नांदते त्या घराचा धंदा आडतीचा आहे. माझा नवरा काट्यात मारत नाही हे मी शपथेवर सांगेन, पण काट्याच्या कोणत्या बाजूला मी उभी आहे हे मला त्या ओट्यावर जितकं स्पष्ट दिसलं तितकं घरी कधी दिसलं नव्हतं. मी तिला म्हटलं, आमच्याकडंही तूर पिकते आणि आमच्या बायाही हेच विचारतात. त्या म्हणतात, तुमच्या तुरीमुळं भाव पडतो. नर्सनं ते सांगितल्यावर ती बाई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, त्यांना सांगा, मला तर काहीच मिळालं नाही.

निघताना तिनं पिशवीभर नांदोलो दिले. परत देता येईना. शिबिराच्या स्वयंपाकघरात आम्ही ते भरडले, साल पाखडलं आणि जिऱ्या-मोहरीच्या फोडणीची आमटी केली. तंत्रज्ञ पोरं तीन दिवस खात होती.

परत आल्यावर मंडळात बोलावणं आलं. फोटो दाखवा, तिथल्या गरिबीवर बोला. मी फोटो दाखवले नाहीत. गरिबीवर बोलायचं तर माणूस डोळ्यांसमोर ठेवून बोलावं लागतं आणि ज्या बाईनं मला जेवू घातलं तिचा पाय पडद्यावर दाखवून मी टाळ्या घेणार नव्हते. मी तुरीवर बोलले. 2021 साली आपल्या सरकारनं मलावीशी करार केला, पाच वर्षं दरसाल 50 हजार टन तूर घ्यायची. मोझांबिकशी 2016 सालीच करार झाला होता. डाळ महागली की शहरात ओरड होते, 2015 साली किलोला दोनशे रुपये झाले होते ते आठवा. मग आयात उघडते, मग आपल्याकडं भाव पडतो. तिकडं काढणी जुलै-ऑगस्टात, माल इथं पोहोचतो आपल्या सुगीच्या तोंडावर. झालंही तसंच. 2025 च्या जानेवारीत हमीभाव होता 7550 आणि बाजार त्याच्या खाली. कर्नाटक सरकारनं वर साडेचारशे बोनस जाहीर केला तेव्हा कुठं लोकांनी श्वास सोडला. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला 2019 मध्ये जीआय मिळाला, त्याचा मोठा सत्कार झाला होता. मानांकनानं चव कळते, भाव मिळतोच असं नाही.

बायांना हे जरा कोरडं वाटलं असावं. एकीनं विचारलं, "जुन्या साड्या गोळा करून पाठवूया का त्यांना?" मी नको म्हटलं. तिथल्या बाजारात गोऱ्या देशांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग असतात, त्याला कौंजिका असं नावच पडलंय. आपल्या कपाटात जागा व्हावी म्हणून त्यांच्या दारात ढीग नको.

मग काय पाठवायचं? यावर माझं मत आहे आणि ते आमच्या आडतीवरच्या हमालामुळं झालंय. दहा वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली त्याचा पाय गेला. एका शिबिरात नवा बसला, हार घातला, फोटो निघाला. दीड वर्षात पट्टा तुटला. दुरुस्त करणारं जवळपास कोणी नाही, पाय बसवणारे पुन्हा आले नाहीत. तो पाय अजून त्याच्या घरात माळ्यावर आहे आणि तो कुबडीवर. पाय ही एकदाच द्यायची वस्तू नाही. तीन-चार वर्षांत बदलावाच लागतो. म्हणून मी मंडळाला म्हटलं, पुढचं शिबिर नको. त्या दवाखान्यातल्या एका माणसाला हे काम शिकवायला जो खर्च येईल त्यातला वाटा देऊया.

तेव्हा अक्का उठल्या. "आणि आमच्या हमालाचं?"

खोलीत कोणी बोललं नाही. दोघींच्या मते आधी गावचं, मग परगावचं. एक म्हणाली करुणादानाला गाव नसतं. अक्का म्हणाल्या, "नसंल. पर पट्टा त्याचाबी तुटलाय." त्या महिन्यात फंडात होते अकरा हजार दोनशे. भांडण दोन बैठका चाललं. शेवटी हमालाला कलबुर्गीला नेऊन नवा पाय बसवून आणायचं ठरलं, गाडीभाडं मंडळाचं, सोबत अक्का. आणि उरलेलं मलावीला. पाय बसवून परत आल्यावर तो आडतीवर आला, पोत्यावर बसला आणि ह्यांना म्हणाला, "मालक, तिकडच्या तुरीला काय भाव लागलाय?"

ह्यांनी फोन काढून बघितला आणि सांगितला.