रायपूर पोस्टिंग: परवान्याची फाईल

निवृत्त होणाऱ्या जवानाला आम्ही थाटात निरोप देतो. बडा खाना, हार, गेटपर्यंत जीप. वय असते अडतीस-चाळीस. पेन्शन असते, पण मुलगी आठवीत असते आणि घराचा वरचा मजला विटांवर थांबलेला असतो. गावी चार महिने बरे जातात, मग माणूस कामाला लागायचे बघतो. काम म्हणजे बहुतेक वेळा सिक्युरिटी.

या सिक्युरिटीत दोन जाती आहेत. एक दंडेवाला, म्हणजे मॉलच्या किंवा सोसायटीच्या दारावर उभा राहणारा. दुसरा गनमॅन. गनमॅनला पगार जास्त, बसायला खुर्ची आणि थोडा मान. अट एकच, बंदूक आणि परवाना स्वतःचा हवा. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात एक निवृत्त बँक अधिकारी भेटतात, तात्यापाऱ्यातले, तिसरी पिढी छत्तीसगडची. त्यांनी मला हे गणित पोहे खाता खाता समजावले. बँकेने परवाना आपल्या नावावर घेतला तर प्रत्येक गार्डचे नाव त्यावर रिटेनर म्हणून चढवावे लागते आणि माणूस बदलला की पुन्हा कागदपत्रे. त्यापेक्षा बंदूक घेऊनच येणारा फौजी सोयीचा.

म्हणून इथे रुजू झाल्यावर माजी सैनिकांच्या तक्रारींचे रजिस्टर उघडले तेव्हा पेन्शनच्या खालोखाल अर्ज बंदुकीच्या परवान्याचे होते, याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते तारखांचे. शेजारच्या एकाच जिल्ह्यातले ११ अर्ज, कुणाचा दोन वर्षांपूर्वीचा, कुणाचा तीन. जिल्ह्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी पुढे माझे ऐकून घेतले आहे. एकाही अर्जाला नकार नव्हता आणि होकारही नव्हता. फाईल ‘प्रक्रियेत’ होती.

त्यातला एक नायक, महानदीच्या काठच्या गावचा. सतरा वर्षे नोकरी, त्यातली तीन राष्ट्रीय रायफल्समध्ये. बँकेची जागा त्याच्यासाठी दोन महिने थांबली आणि मग दुसऱ्याला गेली. तो माझ्यासमोर सावधान उभा राहून म्हणाला, “साहब, मना कर देते तो मैं कुछ और देखता.” हे वाक्य मी पुढे प्रत्येक बैठकीत सांगितले.

परवान्याबाबत आपल्याकडे एक समज पक्का आहे की तो साहेबाच्या मर्जीवर असतो. हा समज जुना आहे. १८७८ मध्ये लिटनने शस्त्र कायदा आणला, त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. गोऱ्यांना बंदूक मोकळी आणि हिंदी माणसाला परवाना. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. तो हक्क म्हणून राज्यघटनेत आला नाही, पण १९५९ चा कायदा आला आणि त्यात नकाराची कारणे लेखी नोंदवायची आणि मागितल्यावर अर्जदाराला द्यायची, असे कलम १४ सांगते. सार्वजनिक हिताच्या विरुद्ध जात असेल तेवढाच अपवाद. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून नकार देता येत नाही, हेही तिथेच आहे. २०१६ च्या नियमांनी मुदती घातल्या: पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा, अहवाल आल्यावर ६० दिवसांत निर्णय. ज्यांच्या अर्जाचा विचार करता येतो त्यांत सेनादलात नोकरी केलेल्या माणसाचा वेगळा उल्लेख आहे, फक्त गरज खरी हवी. म्हणजे मला नवे काही मागायचेच नव्हते.

तरीही पहिल्या बैठकीला मी नियमांचे पुस्तक बाहेर काढले नाही. आधी त्यांची भीती ऐकायची होती. अपर कलेक्टर साठीला आलेले, बढतीने वर चढलेले गृहस्थ. चहा मागवला आणि म्हणाले, “कर्नल साहब, आप लोग तो बंदूक दिलवाकर ट्रान्सफर हो जाएंगे.” मग त्यांनी नयागढची आठवण दिली. फेब्रुवारी २००८, ओडिशातल्या त्या गावात माओवाद्यांनी पोलिसांचे शस्त्रागार लुटले, हजारांच्या आसपास हत्यारे गेली. त्याआधी २००४ मध्ये कोरापूट. २०१० मध्ये ताडमेटला, ७६ जवान गेले आणि त्यांची शस्त्रेही नेली. “जिथे शस्त्रागार लुटले जाते तिथे जंगलाकडेच्या एका घरातली बंदूक किती वेळ टिकेल?” याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते, कारण प्रश्न बरोबर होता. या भागात वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाचा हात सही करताना थबकतो, त्याला नुसता लालफितीचा कारभार म्हणणे मला पटत नाही.

दुसरी भीती जम्मूची. ११ पैकी ६ जण तिकडच्या पोस्टिंगमध्ये परवाना काढून आले होते आणि आता तो इथे नोंदवून मागत होते. २०१७ मध्ये राजस्थानच्या एटीएसने जम्मू-काश्मीरच्या परवान्यांचे प्रकरण उघडले, पुढे सीबीआय आली. २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांहून अधिक परवाने नियम डावलून दिले गेले, असा आरोप झाला आणि त्यात फौजींच्या नावांचे परवानेही निघाले. दलालाने कागद करून दिला, जवानाने विश्वासाने सही केली, असेही घडले असेल. पण तेव्हापासून जम्मूचा शिक्का दिसला की इथला बाबू फाईल तळाशी सरकवतो.

दुसऱ्या बैठकीला कलेक्टर मॅडम होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. प्रोबेशनमध्ये त्यांची आर्मी अटॅचमेंट झाली होती, त्यामुळे कोत म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. मी सांगितले की फौजेत फायरिंग झाल्यावर रिकामे खोखेसुद्धा मोजून परत द्यावे लागतात. एक खोखा कमी पडला तर अख्खी कंपनी रात्री टॉर्च घेऊन रेंजवर गवत चाळते. सतरा वर्षे असा हिशेब दिलेल्या माणसावर विश्वास ठेवा. मॅडमनी शांतपणे विचारले, “पण कर्नल, ते हत्यार रात्री कुठे असायचे? कोतमध्येच ना? तो ते घरी कधी नेत होता?”

खडकवासल्यापासून आजवर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आमची शिस्त खरी आहे, पण तिला कुलूप असते, कोत एनसीओ असतो आणि रजिस्टर असते. गावच्या घरात यातले काही नाही.

तिथून बोलणे पुढे सरकले. नायकाची नोकरी रायपूर शहरात असणार होती. मग बंदूक गावी जाण्याचे कारणच काय? नोकरी देणारा लेखी देईल की ड्यूटी संपली की बंदूक शाखेच्या कुलूपबंद कपाटात; सुट्टीवर जाताना ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा थान्यात जमा. अपर कलेक्टरांनी यात एक वाक्य घातले, नोकरी सुटली तर पंधरा दिवसांत कळवायचे. जम्मूच्या सहा परवान्यांसाठी मी आमच्या रेकॉर्ड ऑफिसांकडून त्या काळातल्या पोस्टिंगचे दाखले मागवून देतो म्हणालो. त्या तारखेला माणूस तिथे होता की नाही, एवढे तरी त्यातून कळते. निवडणुकीचाही विषय निघाला. आचारसंहिता लागली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेतल्या तर गनमॅनची नोकरीच अडते. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशा सरसकट आदेशाला हरकत घेतली, त्यानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये छाननी समितीची पद्धत सांगितली आहे. एसपींना ती माहीत होती. म्हणाले, अर्ज वेळेवर आला तर बघू.

निघताना मी मॅडमना एवढेच म्हणालो की जिल्हा सैनिक मंडळाच्या अध्यक्षही तुम्हीच आहात आणि परवान्यावर सही करणाऱ्याही तुम्हीच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मीच मला पत्र लिहू का?”

पावसाळा संपेपर्यंत ११ पैकी ७ परवाने मिळाले. दोन जम्मूचे अजून अडकले आहेत, तिकडून पडताळणीचे उत्तर नाही. दोघांना नकार आला, लेखी, कारणासकट. एकाचे गावात जमिनीवरून भांडण चालू आहे आणि थान्यात दोन वेळा मारामारीची नोंद आहे. तो माझ्याकडे अपिलासाठी शिफारस मागायला आला. मी कलम १८ खाली अपील कुठे करायचे ते सांगितले, शिफारस दिली नाही. आपला माणूस म्हणून प्रत्येकाच्या हातात बंदूक असावी, या मताचा मी नाही. गणवेश उतरल्यावर दारू, कर्ज आणि भाऊबंदकी आपल्या लोकांनाही चुकत नाही.

नायकाला परवाना मिळाला. जुनी बँक गेली होती, दुसरीकडे एका सराफाकडे काम ठरले. बंदूक मात्र अजून घेतलेली नाही. नव्या दुनळीची किंमत ऐकून तो दुकानातून परत आला आणि आता कुणी सेकंडहँड १२ बोअर विकतो आहे का हे विचारत फिरतो आहे. परवा त्याचा फोन आला होता, दुर्गमध्ये एक निवृत्त सुबेदार साहेब विकायला तयार आहेत. विक्रीच्या परवानगीसाठी कुठल्या कार्यालयात अर्ज करायचा, ते विचारत होता.