मिरचीने माना टाकल्यावर

आमची जमीन नंदुरबारकडची, काळी आणि भारी. धरलेलं पाणी लवकर सोडत नाही. ऑगस्टच्या अखेरीस रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी मिरचीच्या सऱ्या तुडुंब भरलेल्या दिसल्या. दुपारी कडक ऊन पडलं तशा फुलावर आलेल्या झाडांनी माना टाकल्या. पोटात गोळाच आला.

शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "वहिनी, युरिया फेका, उठतील झाडं."

"आधी पाणी काढू द्या, काका," मी म्हटलं.

मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. श्वास कोंडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून चिखलात उभं झाडही सुकतं. अशा मुळांना खत काय उपयोगाचं? सासरे आणि मी कुदळ घेऊन उताराच्या बाजूला चर काढले, सऱ्या त्यांना जोडल्या. चिखलात पाय मात्र घातला नाही. भारी माती ओलेपणी तुडवली की दगडासारखी बसते.

सखल कोपऱ्यातली झाडं संध्याकाळी गारव्यातही सावरेनात. त्यातलं एक उपटलं. मुळं तपकिरी, साल बोटाला निघून येणारी. बुंध्याचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला. त्यातून दुधाळ धागा उतरला असता तर तो जिवाणूजन्य मर रोग, आणि त्याला औषध नाही. पाणी नितळच राहिलं. म्हणजे बहुधा बुरशीची मूळकूज. ती झाडं काढून लांब नेऊन जाळली. जीव तुटला, पण ठेवली असती तर पाण्याबरोबर रोग पुढच्या ओळींत गेला असता. आजूबाजूच्या झाडांना दहा लिटर पाण्यात तीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी केली.

मग वाफशाची वाट पाहिली. मूठभर माती दाबून सोडली की भुसभुशीत फुटू लागली, तेव्हा हलकी खुरपणी केली. पांढरी मुळं दिसू लागल्यावरच १९:१९:१९ खत लिटरला पाच ग्रॅम घेऊन फवारलं. जुनी पानं पिवळी होऊन गळली, फुलंही बरीच गेली. शेंड्याला मात्र नवी पालवी आली.

त्या कोपऱ्यात आता काही वर्षं मिरची, वांगी, टोमॅटो घेणार नाही. उरलेल्या शेतात पुढची लागवड गादीवाफ्यावर. तुमच्याही मिरचीने पावसानंतर माना टाकल्या, तर खताच्या पोत्याला हात लावण्याआधी एक झाड उपटून त्याची मुळं बघा.