डावा पाय

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि सांगितलं, क्लच बंद. मांडी घालून बसायचं नाही, जिने टाळायचे आणि अवजड गाडीचा क्लच तर साफ विसरायचा. डावा गुडघा झिजलाय. उजवा त्याच वयाचा, पण ठणठणीत. डॉक्टरांना नवल वाटलं, मला नाही. अग्निशमनच्या गाडीवर चालक आणि पंप-ऑपरेटर ही दोन्ही कामं ज्याने एकट्याने केलीत, त्याला डावा पाय कुठे खर्ची पडतो हे सांगायला नको.

उसाच्या फडात पडतो.

शहरातल्या आगीत गाडी एका जागी उभी राहते. पी.टी.ओ., म्हणजे इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारा जोड, टाकला, दाबाचं गेज सात किलोवर नेऊन ठेवलं, की ऑपरेटर तसा मोकळा. आमच्या तलवाड्याकडची आग उभी राहत नाही. त्वरिता देवीचं गाव म्हणून तलवाडा लोकांना माहीत. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ते कापूस, कडबा आणि ऊस यांचं गाव. पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगाव धरणाकडे गेला आणि त्याच्या आसऱ्याने ऊस वाढला. फेब्रुवारीनंतर उभ्या उसाचं पाचट असं वाळलेलं असतं की दोन तारा एकमेकींना घासून एक ठिणगी पडली तरी पुरते. मग वारा नेईल तिकडे जाळ बांधाबांधाने पळतो. गाडीने पांदणीतून त्याच्या बरोबरीने, धार चालू ठेवून पुढे सरकायचं. सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

पंपाला ताकद गिअरबॉक्समधून मिळते आणि चाकालाही तिथूनच. पहिल्या गिअरमध्ये पंपाला लागतात तेवढे फेरे दिले, तर माझी गाडी ताशी आठ-नऊ किलोमीटरने निघायची. पाण्याने भरलेला होज ओढत ढेकळांतून जाणारा ब्रांचमन, म्हणजे धार मारणारा माणूस, त्याच्या निम्म्यानेही चालू शकत नाही. गाडी त्याच्या चालीवर आणावी, तर इंजिनाचे फेरे निम्मे करावे लागतात. आणि सेंट्रिफ्युगल पंपाचा हिशेब असा दुष्ट की फेरे निम्मे झाले तर दाब निम्मा होत नाही, चौथाई होतो. सात किलोचे पावणेदोन. त्या दाबाने अंगणातली तुळस भिजेल. अर्धा क्लच धरावा म्हटलं, तर क्लच बसलाय पंप आणि चाक या दोघांच्याही अलीकडे. चाक मंदावलं की पंपही मंदावतो, वर प्लेट जळल्याचा वास. पूर्ण क्लच दाबला की पंपाचा जीवच जातो. धार ब्रांचमनच्या पायाशी गळून पडते. आणि ती पडते तेव्हा तो हमखास जाळाच्या सगळ्यात जवळ असतो, कारण गाडी थांबवायची वेळही नेमकी तीच असते.

पंप चालू असताना वाहन हलवू नये, अशी पाटी पंपाच्या पॅनेलवर असते. ती लिहिणाऱ्याने ऊस फक्त रसवंतीवर पाहिलेला असणार.

विमानतळावरच्या क्रॅश टेंडरला हा तिढा नसतो. धावपट्टीवर पळता पळता फोम मारता यावा अशीच त्यांची रचना असते; त्यासाठी ताकद वाटून देणारी वेगळी यंत्रणा किंवा पंपाला वेगळं इंजिन असतं. नगरपरिषदेच्या गाडीसाठी तेवढा पैसा कोण घालणार? आमच्याकडे बॉडी बांधणारा तोच निवडला जातो ज्याचा दर कमी, आणि दर कमी करायची पहिली जागा म्हणजे जे बाहेरून दिसत नाही ते. लाल रंग मात्र झकास.

तेव्हा गाडीला जे जमत नव्हतं ते मी पायाने केलं. थांबायचं असलं की क्लचला पाय न लावता, अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडून गिअरच्या दातांवरचा भार हलका झाला त्या क्षणी लिव्हर न्यूट्रलला ओढायचा. पंपाला नुसता एक झोका बसतो, धार तुटत नाही. पुन्हा निघताना मात्र क्लचला पर्याय नाही. तिथे दाबणं, टाकणं, सोडणं एका श्वासात उरकायचं, आणि त्याच्या आधी हॉर्नची एक टिचकी, म्हणजे ब्रांचमनने होजचं तोंड खाली घ्यावं. गेज मागे पॅनेलवर, मी पुढे केबिनमध्ये. म्हणून दाब कानाने ओळखायचा. पाणी भरून ओढणाऱ्या पंपाचा आवाज जड येतो. टाकी संपत आली आणि पंपाने हवा घेतली की त्यात खडे फिरल्यासारखं खडखडतं. उजव्या कानाने आता मला तेवढंच ऐकू येतं असं घरचे म्हणतात.

या कसबाचा मला माज होता. जुने ब्रांचमन माझ्या पाळीला ड्यूटी मागून घ्यायचे, आणि ते मागतायत हे साहेबाच्या कानावर जाईल अशी तजवीज मीच करायचो. मोठी आग असली की नव्या पोरांना होज उलगडायला पाठवायचो, लिव्हरजवळ फिरकू द्यायचो नाही. घंटागाडीवरून थेट बंबावर आणून बसवलेल्या कंत्राटी चालकांना तर नाहीच. त्यांना येत नाही असं मी म्हणायचो, आणि त्यांना आलं तर माझं काय उरेल हे मनात ठेवायचो. बांधावर जमलेली माणसं पाहत असली की माझा हात जास्त बरा चालायचा, हेही खरं.

एक प्रतिस्पर्धी मला कधीच सहन झाला नाही. फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर. आमची गाडी तालुक्याहून पोचेपर्यंत दोन-तीन शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आलेले असतात, आणि लो गिअरमध्ये पी.टी.ओ.चे 540 फेरे देत माणसाच्या चालीने, धार न तोडता, जाळाच्या कडेकडेने हिंडतात. पाणी थोडं, पण जिथे हवं तिथे. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये ट्रकपेक्षा कितीतरी संथ गिअर आहेत, दुहेरी क्लचवाल्यात तर चाक थांबवून पंप फिरता ठेवता येतो. नांगरणीच्या यंत्राला जे सुचलं ते अग्निशमनच्या गाडीला सुचू नये? मी मात्र वर्षानुवर्षं म्हणत आलो की ब्लोअर म्हणजे खेळणं.

क्लच बंद झाल्यावर घरी बसलो आणि भाच्याशी गाठ पडू लागली. तो पुण्याला विजेवरच्या बसगाड्यांच्या देखभालीत आहे. एसटीची शिवाई 1 जून 2022 ला पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली तेव्हापासून त्याच्या तोंडी तोच विषय. माझं क्लचपुराण त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण मामा, पंपाला चाकाचं काय देणंघेणं?”

या प्रश्नाचा मला राग आला. त्याने कागदावर चौकोन काढले. इंजिनाने फक्त जनरेटर फिरवायचा, स्वतःला सोसेल त्या एकाच फेऱ्यांवर. वीज जाणार बॅटरीत. तिथून एक मोटार चाकाला, दुसरी पंपाला. चाक थांबलं तरी पंपाला कळणार नाही. पंप जोरात फिरला तरी चाक हलणार नाही. “परळीच्या स्टेशनात डिझेल इंजिन पाहिलंय ना? ते काय वेगळं करतं?” खरंच, तिथेही डिझेल वीज करतं आणि चाकं मोटारी फिरवतात, बॅटरीची भानगड तेवढी नसते. फर्डिनांड पोर्शेने लोनर कंपनीत असताना 1900 च्या सुमारास चाकातच मोटार बसवून दाखवली होती, आणि तसल्या विजेच्या गाड्या व्हिएन्नाच्या अग्निशमन दलातही होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी! आणि मी इथे एका गुडघ्यावर धार तोलत होतो.

मग त्याने मोबाइलवर बर्लिनची गाडी दाखवली. ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउर कंपनीची, 2021 मध्ये तिथल्या दलाने रोजच्या कामावर चाचणीला घेतलेली; बॅटरी संपली तर पोटात डिझेल इंजिन आहेच. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात त्याच साली पियर्स कंपनीची व्होल्टेरा रुजू झाली. तिच्यात 155 युनिटची बॅटरी, शिवाय डिझेल इंजिन, आणि दोन्हींपैकी कशानेही पंप फिरवता येईल अशी जोडणी. व्हिडिओत गाडी आवाज न करता निघते. मला त्यात कौतुकाआधी अपमान दिसला. त्या गाडीवर कोणीही बसावं, बटण फिरवून सात किलो मागावेत आणि मोटारीने ते धरून ठेवावेत. ब्रांचमनने होजचं तोंड झटकन बंद केलं तर फेरे आपोआप उतरणार. त्यासाठी मी दहा ब्रांचमनांच्या सवयी पाठ केल्या होत्या.

दोन-चार दिवस मी तिच्यातल्या खोड्याच शोधत होतो. शंभर युनिटची बॅटरी म्हणजे सहा-सातशे किलो; तेवढं पाणी टाकीतून कमी. बीडच्या मे महिन्यातला बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा तिला सोसायचा, तर तिच्यासाठी वेगळं गारव्याचं यंत्र. आणि लाइट नसली तर चार्जिंग कुठे? भाचा म्हणाला, म्हणूनच तर हायब्रीड. बॅटरी लहान घ्या, डिझेल ठेवा.

हिशेब करायला बसलो आणि हिशेबानेच मला वळवलं. मिनिटाला 1800 लिटर सात किलोने फेकायला पंपाच्या शाफ्टवर साधारण पस्तीस किलोवॅट लागतात. पन्नास युनिटची बॅटरी सव्वा तासाच्या वर चालली पाहिजे. पण माझी टाकी साडेचार हजार लिटरची. त्या मापाने ती अडीच मिनिटांत कोरडी! आमच्याकडे ताकद आधी संपतच नाही. पाणी संपतं. उरलेला सगळा वेळ गाडी कुठेतरी भरत तरी उभी असते, नाहीतर नुसती घुरघुरत. जिनिंगमधली आग आठवा. गाठींच्या पोटात विस्तव रात्रभर धुमसतो, एकेक गाठ फोडून होज रीलची बारीक धार सोडायची. तेवढ्यासाठी अख्खं ट्रकचं इंजिन पहाटेपर्यंत चालू आणि ऑपरेटर त्याच्या धुरात उभा. हे काम बॅटरीचं आहे, यात मला आता शंका नाही. माझा तेवढा कानही वाचला असता.

पाणी संपतं म्हटलं की विहीर आली. कितीही भारी पंप असो, सक्शनने पाणी वर येतं ते हवेच्या दाबाने. कागदावर दहा मीटर, प्रत्यक्षात सातच्या आसपास. आमच्या विहिरी साठ-साठ फुटांच्या आणि उन्हाळ्यात पाणी तळाला. गाडीच्या सक्शनचा तिथे उपयोग शून्य. भरवसा फक्त शेतकऱ्याच्या पाणबुडी मोटारीचा. आणि शेतीची लाइट पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. आग तारांमुळे लागली असेल तर वायरमनने डीपीच बंद केलेली असते, आणि ते बरोबरच असतं. समोर विहिरीत पाणी, वर रिकामी टाकी, मध्ये वीज नाही. मागे शेतकरी उभा, ज्याला पक्कं माहीत आहे की जळीत ऊस म्हटल्यावर कारखाना पैसे कापणार.

ज्या गाडीच्या पोटात जनरेटर आहे तिला एवढं का जमू नये? साडेसात एचपीची मोटार म्हणजे साडेपाच-सहा किलोवॅट. पंपाला लागते त्याच्या पाव हिश्शाएवढीही नाही ही ताकद. गाडीतून केबल काढायची, स्टार्टरवरची लाइन काढून आपली जोडायची, त्याच विहिरीतून त्याच टाकीत पाणी. मी हे बोललो तेव्हा भाचा पहिल्यांदा गप्प झाला. मला बरं वाटलं.

मग त्याने आपल्या शंका मांडल्या. मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे फेरे हळूहळू चढवणारा ड्राइव्ह हवा. फेज उलटे लागले तर मोटार उलटी फिरते, पाणी नीट चढत नाही. ओल्या जमिनीवर उघडी केबल, अर्थिंगचं काय? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, शेतकऱ्याची लाइन तोडायला विसरलात आणि आपली वीज उलटी तारांत गेली, तर खांबावर चढलेला वायरमन जाईल. त्यासाठी दोन्ही लाइन एकदम जोडताच येणार नाहीत असा चेंजओव्हर हवा. हे त्याला कळतं, मला नाही, आणि ते मान्य करायला मला पूर्वीइतका त्रास होत नाही.

सध्या आमचं भांडण सॉकेटवर अडलंय. तो म्हणतो, मागे पॅनेलजवळ, म्हणजे एकच माणूस गेज आणि वीज दोन्ही पाहील. मी म्हणतो, मागे टाकीत पाणी पडताना धबधबा उडतो, तिथे तीन फेज कोण हाताळणार? बाजूला पाहिजे. तो विचारतो, कोणत्या बाजूला? विहीर पांदणीच्या डावीकडे असेल की उजवीकडे हे काही आग सांगून लागत नाही, आणि पांदणीत गाडी वळवता येत नाही. मग दोन्हीकडे द्या, मी म्हणतो. तो खर्च सांगतो. मी त्याला क्लच प्लेटचा खर्च सांगतो.