खव्याचा भाव

जठारपेठेतल्या माणसाला थंड हवेचे अप्रूप फार. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर चढला की आमच्या घरी चिखलदऱ्याचा जप सुरू होतो. प्रत्यक्ष जाणे मात्र यंदा जमले ते भाद्रपदात.

चिखलदऱ्याविषयीचे माझे व्याख्यान नेहमी तयार असते. भीमाने कीचकाला मारून इथल्याच दरीत टाकले म्हणून कीचकदरा, आणि त्याचा चिखलदरा झाला, असे सांगतात. उंची १,११८ मीटर. कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा १८२३ साली हेरली. शेजारचा गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने घेतला. गवळ्यांचा म्हणून गाविलगड, हे वाक्य उच्चारताना मी किंचित थांबतो. विद्यार्थी टिपून घेतात. आमची कन्या जांभई देते.

पॉइंट पाहून झाले. सौभाग्यवतींना खवा हवा होता, म्हणून जवळच्या मोथा गावात उतरलो. गाव गवळ्यांचे. दारोदार म्हशी, ओल्या शेणाचा वास, आणि धुके असे की शेजारचे घर कोणी सांगितले तरच कळावे. एका अंगणात एक बाई चुलीवरच्या कढईत उलथने फिरवीत होत्या. मी भाव विचारला आणि बाजारातल्या सवयीने किलोमागे ४० रुपये कमी करून घेतले. स्वारी खूश!

खवा व्हायला अवकाश होता, म्हणून बसलो. तास गेला. बाईंचा हात थांबेना. थांबला की दूध तळाला लागते. धुराने डोळे चुरचुरू लागले तसा मी मागे सरकलो. त्यांना सरकता येत नव्हते.

"किती दुधाचा होतो हा?" कन्येने विचारले.

"पाच लिटरचा किलोभर, माय. म्हैस चांगली असंन तं."

तिने मनात कसला हिशेब केला कोण जाणे, पण माझ्याकडे पाहिले. मी वर्षानुवर्षे ग्रामीण साहित्य शिकवतो. कष्टकऱ्यांच्या जीवनावरचा एक प्रश्न तर माझ्या पत्रिकेत ठरलेलाच.

पैसे देताना ४० रुपये जास्त दिले. बाईंनी नोटा मोजल्या आणि तेवढे परत केले.

"ठरलं ते ठरलं, साहेब."

आणि खव्याचा एक गरम गोळा पानावर घालून पोरीच्या हातात दिला. त्याचे पैसे विचारायची माझी छाती झाली नाही.

घरी आईने पुडके उघडून हुंगले.

"कितीले पडला रे?"

मी बाईंनी सांगितलेला पहिला भाव सांगितला. कन्या काही बोलली नाही.

"महाग नाही," आई म्हणाली आणि डबा घ्यायला आत गेली.