हक्क फुकट, खाडे महाग

दिव्यांग मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, मग ते घराजवळच्या शाळेत असो की पसंतीच्या विशेष शाळेत, असं 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 31 सांगतं. अट एवढीच की, अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं प्रमाणपत्र हवं. आमच्या कामतघरात एखाद्या बापाला हे समजावून सांगितलं की तो मान डोलावतो आणि विचारतो, "ताई, याला खाडे किती पडतील?"

मी विशेष शिक्षिका आहे. पण अलीकडे मुलांना शिकवण्यापेक्षा त्यांच्या आईबापांबरोबर शाळेच्या, दवाखान्याच्या आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्यातच माझा जास्त वेळ जातो. वऱ्हाळदेवीच्या तलावाभोवतीची आमची वस्ती यंत्रमागावर जगते. मूळचे आगरी, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, सगळे एकाच गल्लीत. मागावर बारा तासांची पाळी आणि मजुरी कापडाच्या मीटरवर. माणूस आला नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि वरचेवर आला नाही तर त्याच्या मागावर दुसराच उभा असतो. बाई घरी धागे कापते नाहीतर गोदामात पॅकिंगला जाते, तिचंही तेच. त्यामुळे कायद्याने फुकट दिलेल्या प्रत्येक गोष्टीची इथे एक किंमत असते, आणि ती खाड्यात मोजली जाते. माझ्या कामाची व्याख्या विचाराल तर एवढीच: त्या कुटुंबाचे खाडे वाचवणं.

प्रमाणपत्राचंच बघा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, म्हणजे सायबर कॅफे आला. मग सरकारी रुग्णालयात तपासणी. बुद्ध्यांकाची चाचणी वेगळ्या दिवशी, कानाची तपासणी लागली तर कधी थेट वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेपर्यंत जावं लागतं. ज्या दिवशी आपण जातो त्या दिवशी डॉक्टर असतीलच असं नाही. वाढत्या वयातल्या मुलांना पुष्कळदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून.

यात सगळ्यात जास्त खाडे खाते ती नावातली गफलत. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर. शाळेच्या जनरल रजिस्टरात ते मराठी पद्धतीने उलटं झालेलं, आधारवर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, जन्मदाखल्यावर नुसतं 'मुलगा'. खिडकीवरचा माणूस तीन कागद शेजारीशेजारी ठेवतो आणि म्हणतो, ही तीन माणसं आहेत. म्हणून तपासणीसाठी ठाण्याला निघण्याआधी मी प्रत्येक घरात एक कापडी पिशवी तयार करून घेते: जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड, जुने रिपोर्ट, फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स. नाव आधी एकसारखं करून घ्यायचं, डॉक्टर आहेत का हे फोनवर विचारायचं, मगच बस पकडायची.

1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सात होते. नव्यात 21 आहेत. स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. 'तारे जमीन पर' 2007 साली आला तेव्हापासून डिस्लेक्सिया हा शब्द गल्लीतही माहीत झाला, तरी ही अध्ययन अक्षमता ओळखायची कशी हा प्रश्न आमच्याकडे जास्त अवघड आहे. मुलगा घरी तेलुगू बोलतो, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. चौथीत गेला तरी जोडाक्षर आलं की अडतो. ही अक्षमता, की तिसऱ्या भाषेत शिकण्याची दमछाक? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची आहे. पण चाळणी मराठीची लावली तर निम्मा वर्ग त्यात अडकेल.

असं मूल आलं की मी त्याच्या आजीला शेजारी बसवते आणि त्याला परवा पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट तेलुगूत सांगायला लावते. मला तेलुगू कामापुरतीच येते, पण गोष्टीची संगती कळायला तेवढी पुरते. कोण कोणाला का मारतो, मग पोलीस कसे येतात, हे जो क्रमाने, हातवारे करून सांगतो आणि मराठीची एक ओळ पुढे आली की ज्याच्या कानशिलावर घाम येतो, त्याला 'मतिमंद' म्हणणं हा अन्याय आहे. उलट बाजूचा अन्याय मात्र अधिक सभ्य दिसतो: "भाषेचं आहे हो, होईल हळूहळू." या वाक्यात मुलांची तीन-तीन वर्षं जातात. माझ्या मते नुकसान या दुसऱ्याने जास्त होतं, कारण पहिल्याविरुद्ध आई निदान भांडते तरी. म्हणून मी आता कोणत्याही अहवालावर चाचणी कोणत्या भाषेत घेतली हे लिहून मागते. मागितल्याशिवाय ते कोणी लिहीत नाही.

शाळेचा अनुभव सांगताना कोणा एकाला दोष द्यायचा नाही, कारण संवाद सगळीकडे तोच. आई उभी. साहेब म्हणतात, "लेखी कशाला? आपण बघून घेऊ ना." आईला हे ऐकून बरं वाटतं, ती निघते. तिथेच तिला थांबवावं लागतं. अर्जाच्या दोन प्रती. एक शाळेकडे, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. तोंडी दिलेला शब्द मुख्याध्यापकांची बदली झाली की त्यांच्याबरोबर जातो, पोच आईच्या पिशवीत राहते. अर्जातल्या मागण्या साध्या असतात: पहिल्या बाकावर जागा, तळमजल्यावरचा वर्ग, लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. 2016 च्या अधिनियमाच्या कलम 16 आणि 17 मध्ये याचा आधार आहे. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात हे बहुतेकांना दहावीचा फॉर्म भरताना कळतं, आणि तेव्हा कागद जमवायला वेळ उरलेला नसतो.

प्रमाणपत्रावर 40 पेक्षा कमी टक्के आले तर? शाळा म्हणते, बसत नाही. विकास कुमार यांच्या खटल्यात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 40 टक्क्यांची अट ठरावीक लाभांपुरती आहे. लेखनिकासारखी वाजवी सोय त्या अटीवर नाकारता येत नाही. त्या निकालाची झेरॉक्सही पिशवीत असते.

शिक्षकांवर फार रागावता येत नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ते तरी काय करणार? रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात, 2021 सालीच, सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरलं. राज्याने 2024 मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांच्या 4,860 पदांना मान्यता दिली. एका केंद्रात अनेक शाळा. बाई ज्या दिवशी आपल्या शाळेत येणार, त्या दिवशी मुलाला ताप आला की झालं.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसते. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. पर्याय मुलाचा आणि पालकांचा आहे. प्रत्यक्षात वर्गात ओरडणाऱ्या, पळणाऱ्या स्वमग्न मुलासाठी तो शाळाच सुचवते. नाव पटावर, मूल घरात, आणि आई कायमची घरात. म्हणजे एका घराचा रोजचा खाडा. लिफ्ट नाही, मदतनीस नाही म्हणून घरी बसवणं याला मी गृहाधारित शिक्षण म्हणत नाही.

अमेरिकेत 1975 च्या कायद्यापासून दिव्यांग मुलाचा लेखी शैक्षणिक आराखडा पालकांना बैठकीत बसवून करावा लागतो. आपल्याकडे पालकाला तशी सक्तीची खुर्ची नाही. त्यातल्या त्यात एक दार आहे, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि दिव्यांग मुलांच्या नोंदणीवर व सोयींवर लक्ष ठेवणं हे केंद्राच्या 2010 च्या नियमांत समितीचं काम म्हणून लिहिलेलं आहे. आमच्या आया या समितीत जायला तयार आहेत. पण बैठक शनिवारी असते, आणि आमच्याकडे माग बंद असतात शुक्रवारी. काही शाळांनी विनंतीवरून बैठक शुक्रवारी घ्यायला सुरुवात केली तेव्हा पहिल्यांदाच बापही येऊन बसले. यासाठी ना निधी लागला, ना शासन निर्णय.

सध्या डोकेदुखी आहे ती आठवीनंतरची. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, त्यामुळे "आता आमची जबाबदारी संपली" असं सांगून दाखला हातात ठेवला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 31 अठरापर्यंत जातं हे तेव्हा कोणी बोलत नाही. जूनमध्ये नववीचे वर्ग भरलेले असतात आणि नकार द्यायला ते कारण पुरतं. म्हणून आठवीतल्या मुलांचे नववीच्या प्रवेशाचे अर्ज मी जानेवारीतच लिहून घेते, दोन प्रतींत.