बिनगाठीचा दोर

‘बाबा, नवी शीट आणायची आहे,’ असे कन्येने म्हटले तेव्हा मी कागदाचा ताव पुढे केला. शिडाच्या होडीत ‘शीट’ म्हणजे कागद नव्हे, कापडही नव्हे. शीड ओढण्याचा आणि सैल सोडण्याचा दोर! जुन्या इंग्रजीत शिडाच्या खालच्या कोपऱ्याला असाच काहीसा शब्द होता, तो पुढे दोराला चिकटला, हे मी मागाहून कोशात पाहिले.

दोर मात्र मीच आणला. बाजारातला १२ मिलिमीटरचा नायलॉन. जाड तेवढे मजबूत, हा आपला संसारी हिशेब!

नायलॉन ताणला की लांबतो. नांगराला हा गुण, शिडाला अवगुण. शिवाय तो पाणी पितो. मंद वाऱ्यात त्याच्या भारानेच पुढचे शीड लोंबू लागले. आणि मुंबई बंदरात होडी वळवताना, शिडाच्या कोपऱ्याशी मी मारलेली टपोरी गाठ डोलकाठीच्या तारेत अडकली. शीड उलट्या बाजूने फुगले. होडी आडवी झाली. अंगात जॅकेट होते, मदतीची होडी जवळच होती. मुलगी हसत वर आली. मला मात्र हसू आले नाही. ‘पुरे झाले हे खूळ,’ असे मी त्या रात्री सांगून टाकले. ती काही बोलली नाही. पुढचे चार दिवसही बोलली नाही.

माघार कशी घ्यावी ते सुचेना, म्हणून पाचव्या दिवशी मी क्लबातल्या म्हाताऱ्या खलाशाला गाठले. ‘मास्तर, गाठ मारली की दोराचा निम्मा जोर गेला,’ तो म्हणाला. त्याने ६ मिलिमीटरचा दोर दाखवला : वर पॉलिएस्टरची साल, आत डायनिमाचा गाभा. डायनिमा हा आपल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचाच भाऊबंद. पण वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट, आणि इतका हलका की पाण्यावर तरंगतो. साल हवी ती हाताच्या पकडीसाठी. शिडाजवळ ती सोलून टाकली की भार आणखी कमी.

रात्री आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. गाभा म्हणजे १२ पेडांची पोकळ वेणी. टोक वळवून लहानसा फास करायचा आणि उरलेले शेपूट वेणीच्या पोटात सारायचे, जाडीच्या सुमारे ७२ पट. आमच्या ४ मिलिमीटरच्या गाभ्याला जवळजवळ २९ सेंटिमीटर! शेवटी काही पेड कापून ते निमुळते करायचे. दोर ताणला की वरची वेणी आतल्या शेपटाला आवळते; जितकी ओढ, तितकी पकड. सैल असताना ते निसटू नये म्हणून चार टाके. शेपूट तिने सारले, टाके मी घातले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. गाठ कुठेच नव्हती.

‘आणि वाऱ्याचा झोत आला तर?’ मी विचारले.

‘दोर सोडायचा, बाबा. शीड मोकळे झाले की होडी सावरते. म्हणून तर तो कधी बांधून ठेवायचा नसतो.’

रविवारी मी धक्क्यावर उभा होतो. होडी वळली, दोर तारेवरून सुळकन सरकला आणि शीड पलीकडे भरले. माझी मूठ मात्र घट्ट आवळलेली होती. ती उघडायला मला थोडा वेळ लागला.