चोर किंवा घेणारा

कायद्याच्या पुस्तकांतही कथा असतात. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम ११४ खालचे पहिले उदाहरण ही अशीच एक कथा आहे. चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात माल सापडला आणि ज्याला त्याचा खुलासा करता आला नाही, तो माणूस एकतर चोर आहे किंवा माल चोरीचा आहे हे जाणून त्याने तो घेतला आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. हा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. ते व्हर्जिनिया वूल्फचे चुलते. मला यातला कळीचा शब्द वाटतो तो 'किंवा'.

आरोपीसाठी हा 'किंवा' म्हणजे सुटकेची वाट ठरू शकते. नेमका कोणता गुन्हा शाबीत होईल याविषयी संशय असल्यास चोरी आणि चोरीचा माल घेणे असे पर्यायी आरोप ठेवण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम २२१ मध्ये होती. मग आरोपी म्हणतो, 'चोरी मी केली नाही, माल घेतला.' दंड संहितेत साधी चोरी आणि माल घेणे या दोहोंना कमाल शिक्षा सारखीच होती, तीन वर्षे. पण चोरी राहत्या घरातली असेल तर सात, आणि त्यासाठी रात्री घर फोडले असेल तर चौदा वर्षांपर्यंत. मोठा आरोप पुराव्याअभावी टिकला नाही, तर धाकट्या कबुलीचा लाभ उघड आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या, कलमांचे क्रमांक बदलले. ही मूळ रचना मात्र टिकून आहे.

या कबुलीचे कथनरूप विलक्षण आहे. त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (एआयआर १९५४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, माल घेण्याचा गुन्हा शाबीत व्हायला तो माल आधी दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असला पाहिजे आणि तो चोरीचा असल्याचे आरोपीला ठाऊक असले पाहिजे. चोरीची कथा एकाच पात्रावर चालते. घेणाऱ्याच्या कथेला दुसरे पात्र लागते. म्हणजे कबुली देणारा एक अनुपस्थित चोर निर्माण करतो, आणि कृतीऐवजी स्वतःचे जाणणे कबूल करतो.

हे एकच वाक्य तीन वेगळी माणसे बोलू शकतात: खुद्द चोर, मुरलेला घेणारा, आणि पावतीविना स्वस्त मोबाइल विकत घेतलेला, जामीनदार न मिळाल्याने कोठडीत महिने काढलेला कोणी गरीब. भोगलेली कैद शिक्षेतून वजा होते, म्हणून नसलेले ज्ञान कबूल करणे त्याला खटला लढण्यापेक्षा स्वस्त पडते. दप्तरात तिघांची नोंद सारखीच.

काहींच्या वाट्याला तर हा 'किंवा'देखील आला नाही. पुरावा अधिनियमाच्या एकच वर्ष आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. तेथे माल सापडण्याचीही गरज नव्हती, जन्म पुरे होता. कायदा गेला तरी शिक्का कसा राहतो, हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने (१९८७) मराठी वाचकाला दाखवले.

कबुली नोंदवणे दंडाधिकाऱ्यास बंधनकारक आहे. तिच्यावरून दोषी ठरवणे मात्र त्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. हा विवेक म्हणजे अखेर वाचनच. 'कोणाकडून घेतलेस? चोरीचे आहे हे तुला केव्हा कळले?' हे दोन प्रश्न विचारले गेले, तर त्या तिसऱ्या माणसाचा आवाज निदान ऐकू येण्याची शक्यता असते.